'अजून काय काय सोडू?' असं विचारणाऱ्या वाचक बहिणीला

पत्र (थोडं कमी करून छापतेय):

"ताई, नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, शाळेत शिकवते. घरात मिस्टर, सासूबाई आणि चौथीतली मुलगी. मागच्या काही वर्षांत पर्यावरणाचं खूप वाचायला लागले आणि एकेक गोष्ट सोडत गेले. प्लास्टिकच्या पिशव्या बंद, शॅम्पूच्या पुड्या बंद, ब्रश बांबूचे, भाजी विषमुक्त, पॅड सोडून कप. महिन्याचा खर्च खूप वाढलाय. मिस्टर म्हणतात तुझ्या एकटीने काय होणारे. सासूबाई म्हणतात, 'आम्ही इतला वरीस काय जहर खादं का?' ओला-सुका कचरा मी वेगळा ठेवते आणि घंटागाडीवाला माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही एकातच ओततो. माझा भाऊ रावेर तालुक्यात केळी लावतो, पाणी खोल चाललंय तरी त्याने परत बोअर मारलं, मी बोलले तर राखीला माझ्याशी धड बोलला नाही. आता त्याच्या घरची केळी खातानाही अपराधी वाटतं. आणि परवा मुलगी म्हणाली, मम्मी माझ्या वाढदिवसाला फुगे आणले तर कासव मरेल का गं? त्या रात्री मला झोप लागली नाही. ताई, मी अजून काय काय सोडू? आणि मी सोडल्याने खरंच काही होतं का?
— एक वाचक"

अगं, सगळ्यात आधी, फुगे आण. चौथीतल्या पोरीच्या वाढदिवसावर अख्ख्या समुद्राचा हिशोब टाकायचा नसतो. फुगे आण, घरात बांध, दुसऱ्या दिवशी फोडून सुक्या कचऱ्यात टाक, विषय संपला.

आता तुझा दुसरा प्रश्न आधी घेते कारण तुझी झोप त्यानेच उडालीय. तू सोडल्याने काही होतं का? खरं सांगू, फार थोडं होतं. हे तुला बरं वाटावं म्हणून गोल गोल सांगणार नाही. तुझ्या मिस्टरांचं वाक्य अर्धं बरोबर आहे, एकटीने काही होणार नाही हे खरंच आहे, पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात की मग गप्प बसा, तो चूक आहे. एकटीने होत नाही म्हणजे ते काम एकटीचं नव्हतंच. ते तुझ्या अंगावर कुणी टाकलं आणि तू ते निमूटपणे उचललंस कशी, हा खरा प्रश्न आहे.

बघ, तू किराणा दुकानात उभी असतेस तेव्हा बरेचसे निर्णय आधीच होऊन गेलेले असतात. बिस्किट कशात भरायचं हे कंपनीने ठरवलंय, शॅम्पू एक-दोन रुपयांच्या पुडीत विकायचा हेही तिनेच, आणि ती रिकामी पुडी कोण गोळा करणार हे तर कुणीच ठरवलेलं नाही म्हणून ती नाल्यात जाते. तू फक्त ही पुडी की ती पुडी एवढंच निवडतेस. किंवा घरातली लाइट घे. बटण दाबल्यावर येणारी वीज भुसावळजवळच्या दीपनगरच्या कोळशाची की कुठल्या सोलरची, हे निवडायचं बटण तुझ्या बोर्डावर आहे का? नाही. तिथल्या राखेचं काय करायचं हे देखील तुझ्या-माझ्या खरेदीने ठरलं नाही, त्यासाठी केंद्र सरकारला १९९९ मध्ये अधिसूचना काढावी लागली आणि परत २०२१ च्या शेवटी नवीन काढावी लागली की औष्णिक केंद्राने आपली सगळी राख विटांना, सिमेंटला, रस्त्याला वापरात आणलीच पाहिजे. नियम आहे म्हणून निदान कुणी विचारू तरी शकतं की बाबा किती राख उचलली. 'ग्राहकांनी राखेच्या विटा मागाव्यात' एवढ्यावर सोडलं असतं तर राखेचे डोंगरच वाढत गेले असते.

तू शिक्षिका आहेस म्हणून तुला मिठाचं उदाहरण देते, वर्गातही सांगता येईल. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो आणि त्याहून वाईट म्हणजे पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. आता यावर एक उपाय असा होता की आयांना समजावत बसायचं, बायांनो चांगलं मीठ घ्या, दोन रुपये जास्त गेले तरी चालेल. शिकलेल्या घरांनी घेतलं असतं, सातपुड्याच्या पाड्यावरच्या बाईने स्वस्त खडेमीठच घेतलं असतं, आणि ज्या बाळाला गरज सगळ्यात जास्त त्यालाच ते मिळालं नसतं. सरकारने काय केलं, आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायलाच बंदी घातली, मध्ये २००० मध्ये ती बंदी उठवली होती, २००६ पासून परत लागू आहे. आज तुझ्या सासूबाई मीठ घेताना आयोडीनचा विचार करतात का? करत नाहीत आणि करायची गरजही नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, की थकलेल्या, घाईतल्या, न शिकलेल्या, पैसे कमी असलेल्या माणसाचंही भलं व्हावं आणि त्यासाठी त्याला रात्री जागून लेबलं वाचायला लागू नयेत.

पेट्रोलमधलं शिसं तसंच गेलं. लहान मुलांच्या मेंदूला ते विष होतं, आपल्याकडे २००० पासून देशभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं आणि जगात सगळ्यात शेवटी अल्जेरियात २०२१ मध्ये. कुठल्याच देशात ते 'जागरूक ग्राहक' वाढल्याने थांबलं नाही, बंदी आली म्हणून थांबलं. गाड्यांचा धूर कमी करायचा बीएस-सहा नियम १ एप्रिल २०२० पासून आला, त्यानंतर शोरूममध्ये जाऊन कुणाला 'मला जुनी धुरवाली गाडी द्या, स्वस्तात' म्हणायची सोयच राहिली नाही. आणि एलईडी बल्ब आठव. आधी इतका महाग की हौशी लोकच घेणार. मग सरकारने एकगठ्ठा खरेदी सुरू केली, जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली, आणि जो बल्ब सरकारी खरेदीत २०१४ च्या सुमाराला ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. देशभर ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. गावोगावच्या लोकांनी ते काही पृथ्वी वाचवायला लावले नाहीत, स्वस्त होते आणि बिल कमी येत होतं म्हणून लावले. लोकांच्या मनात काय आहे याने फरक पडत नाही असं माझं म्हणणं नाही, पण सगळ्यांची मनं बदलायची वाट बघितली तर फार उशीर होतो गं.

अजून एक गोष्ट तुझ्या लक्षात आली असेल, तुझा खर्च वाढलाय. म्हणजे चांगलं वागायची फी आहे आणि ती तू पगारातून भरतेस. जिला पगार नाही, जी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाते, ती ही फी कुठून भरणार? मग ती वाईट बाई झाली का? बाजारात मत पैशाने मोजतात, ज्याच्याकडे जास्त पैसे त्याची मतं जास्त. मतदान केंद्रावर तिचं आणि केळीच्या बड्या व्यापाऱ्याचं मत एकच. म्हणून मला वाटतं हवा, पाणी, कचरा, दवाखाना, शाळा हे प्रश्न दुकानात नेऊन सोडवायचे नसतातच, तिथे गरीब माणूस आधीच हरलेला असतो.

१९७२ चा दुष्काळ तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांनी बघितला असेल किंवा ऐकला तरी असेल. तेव्हा लोकांनी एकमेकांना मदत केली नाही असं नाही, शेजाऱ्याने शेजाऱ्याला पायलीभर ज्वारी दिली, शहरातून धान्य आलं, पण अख्ख्या राज्याची उपासमार दानधर्मावर निभत नाही. निभलं ते रोजगार हमीमुळे. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली, दुष्काळात लाखो हातांना कामं दिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पैसा कुठून आला तर १९७५ पासून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. तुझ्या पगारपत्रकातही तो कापला जातो, बघ एकदा. म्हणजे कुणा दयाळू माणसाला शोधत फिरायचं नाही, काम मागायचा हक्क, आणि त्याचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. पुढे २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या आधी हा होता. एखाद्या भल्या जमीनदाराने आपल्या गड्यांना दुष्काळात पोसलं तर त्याला मी हात जोडीन, पण त्याच्या शेजारच्या गावातल्या गड्यांचं काय, त्यांनी कुणाकडे बघायचं?

आणि अमळनेर तर आपलंच. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे. गुरुजींइतका माणसाच्या चांगुलपणावर विश्वास ठेवणारा माणूस दुसरा दाखव मला. तरी पण त्यांनी 'ज्याला वाटेल त्याने आपापल्या घरी शिवाशिव पाळू नये' एवढं सांगून सोडलं नाही, महाराष्ट्रभर फिरले आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचा दरवाजा सगळ्यांना उघडावा म्हणून उपोषणाला बसले. दरवाजा उघडला तो सगळ्यांसाठी उघडला. पुढे घटनेचं १७ वं कलम आलं, १९५५ चा कायदा आला. अजून जात गेली नाही हे मलाही दिसतं, रोज दिसतं, पण ज्याच्यावर अन्याय होतो त्या माणसाला आज ज्या कायद्याचा आधार घेता येतो तो कुणाच्या खासगी चांगुलपणातून आलेला नाही.

हे सगळं आपल्याच डोक्यावर घ्यायची सवय आपल्याला लागली कशी, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९५३ मध्ये 'कीप अमेरिका ब्युटिफुल' नावाची संस्था निघाली, तिच्यामागे डबे-बाटल्या बनवणाऱ्या आणि शीतपेयांच्या कंपन्याच होत्या. १९७१ मध्ये तिची एक टीव्ही जाहिरात खूप गाजली, कचरा बघून रडणारा माणूस, आणि संदेश असा की प्रदूषण लोक करतात, लोकच थांबवू शकतात. त्याच काळात बाटली परत घ्यायची सक्ती करणारे कायदे येऊ घातले होते आणि हाच धंदा त्यांच्या विरोधात उभा होता. पुढे 'तुमचा कार्बन फूटप्रिंट मोजा' हे घराघरात पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात, २००४ च्या सुमारास तिने लोकांसाठी कॅल्क्युलेटरच काढला. तेल काढणारी कंपनी विचारते की तू गाडी किती चालवतेस! आणि आपण बिचारे मोजत बसतो. तुला जी रात्री झोप लागली नाही ना, ती चिंता फार पद्धतशीरपणे तुझ्यापर्यंत पोचवली गेलीय.

आता भाऊ. यावर मला जास्त लिहायचंय, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच टोचलं.

रावेर-यावल-चोपडा, सातपुड्याच्या पायथ्याचा तो सगळा पट्टा केळीचा, आणि पाणी जवळपास सगळं जमिनीखालचं. पूर्वी विहिरीत मोट चालायची तिथे आता शेकडो फूट खाली जावं लागतं. तुझ्या भावाने बोअर मारलं कारण शेजाऱ्याने मारलं. त्याने नसतं मारलं तर पाणी वाचलं असतं का? नसतं. ते शेजाऱ्याच्या पंपातून वर आलं असतं आणि तुझ्या भावाचा बाग उन्हाळ्यात सुकला असता, कर्ज तसंच राहिलं असतं. म्हणजे एकट्याने शहाणपणाने वागायची शिक्षा त्यालाच. अशा ठिकाणी बहिणीने राखीच्या दिवशी जाऊन 'दादा तू पाणी उपसू नको' म्हणायचं म्हणजे त्याला एकट्याला खड्ड्यात उतर म्हणण्यासारखं आहे, म्हणून तो चिडला. तो वाईट नाहीये गं.

आणि त्याने काहीच केलं नाही असंही नाही, त्याच्याकडे ठिबक असणारच. जळगाव जिल्ह्याइतकं ठिबक फार थोड्या ठिकाणी दिसेल. ते पण आपोआप नाही पसरलं, सरकारी अनुदान होतं म्हणून छोट्या शेतकऱ्यालाही परवडलं. पण पुढे काय झालं? एका झाडाला पाणी कमी लागायला लागलं, मग वाचलेल्या पाण्यावर लोकांनी अजून एकर लावला, मोकळ्या जागेतही केळी आली. कारण नळी कुठली वापरायची हे ठरलं पण गावाने मिळून एकूण किती पाणी काढायचं हे कुणी ठरवलंच नाही. वस्तू चांगली घेतली, पैसे खर्च केले, आणि तरी पाणी खालीच गेलं. तुझ्या बांबूच्या ब्रशचं जे झालं तेच ठिबकचं झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर.

मी एकाही शेतकऱ्याला दोष देणार नाही यात. सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत केली, केळीला हवामानावर आधारित विमा आहे, व्यापारी आहे, रेल्वे आहे, नाव आहे, २०१६ पासून जळगावच्या केळीला जीआय मानांकन आहे. ज्वारीला यातलं काय आहे? हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र कधी उघडतं कधी नाही. मग तो ज्वारी का लावेल? तू बाजारात जाऊन चार किलो जास्त ज्वारी घेतल्याने हे पारडं हलत नाही. ज्वारी, हरभरा, तूर हमीभावाने खरंच विकली गेली, रेशनमध्ये आणि शाळेच्या खिचडीत आपल्या जिल्ह्याचंच भरडधान्य यायला लागलं, तर हलेल. आणि हे सगळे निर्णय मुंबईत, दिल्लीत, जिल्हा परिषदेत होतात, किराणा दुकानात होत नाहीत.

बरं, हे काही परदेशातून आणायचं शहाणपण नाहीये. पलीकडे धुळे जिल्ह्यात पांझरेवर, तिकडे मोसमवर फड पद्धत होती, तीन-चारशे वर्षांची. तुझ्या मुलीला घेऊन एकदा बघून ये, अजून काही बंधारे उभे आहेत. नदीवर बंधारा, त्यातून कालवा, आणि कालव्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात त्या हंगामात एकच पीक. या वर्षी पाणी किती आहे ते बघून कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू-ज्वारी, कुठला पडीक, हे सगळे खातेदार मिळून ठरवायचे. बऱ्याच जणांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडात, म्हणजे एक फड कोरडा राहिला तरी कुणी एकटाच मेला असं होत नव्हतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि खातेदाराने स्वतः उठून आपल्या शेताकडे पाणी वळवायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. त्यात कुणी मनाने मोठा होता, कुणी लोभी होता, माणसं तेव्हाही आपल्यासारखीच होती. पण लोभी माणसालाही पाणी बारीनेच मिळायचं. पुढे वर धरणं झाली, प्रत्येकाने आपापली विहीर खोदली, ज्याची विहीर त्याला फडाची गरज उरली नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती घडी विस्कटली. आपल्या आज्या-पणज्यांना जे कळत होतं ते आपण विसरलो आणि आता एकेकटे अपराधी वाटून घेतो.

तसंच साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथलं जंगल तुटून बोडकं झालं होतं. चैत्राम पवार आणि गावाने बसून नियम केले, कुऱ्हाडबंदी, दंड, राखणीच्या पाळ्या, आणि जंगल परत आलं. चैत्रामभाऊंना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथेही सुरुवात 'ज्याला पटेल त्याने लाकूड तोडू नये' अशी झाली नाही, गावाने नियम केला आणि तो सगळ्यांना लागू केला.

भूजलाला पण कायदा आहे बरं का. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला १ जून २०१४ ला, आणि त्याने ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जाण्यावर बंधन घातलंय. कायदा आहे आणि बोअरची गाडी तरी फिरतेच आहे, कारण एकट्या कायद्याने पोट भरत नाही, सोबत दुसरं पीक परवडावं लागतं आणि जमिनीत पाणी भरायची कामं व्हावी लागतात. तापीच्या मेगा रिचार्जचा करार मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने केलाय, सातपुड्याच्या पायथ्याला पाणी जिरवायचं त्यात आहे, त्याच्या मागे लागायला पाहिजे, आणि ते पाणी आल्यावर परत ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी असं होणार असेल तर त्याचाही आत्ताच विचार करायला पाहिजे. अटल भूजल योजनेत गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, किती आलं किती काढलं, अशी पद्धत आणली, तसा ताळेबंद भावाच्या गावात झालाय का एवढं विचार. भाऊ काय करतो हे विचारू नको, गावात काय ठरलंय ते विचार. वहिनीशी बोल. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, ती बऱ्याचदा सह्यांपुरती उरकतात. तिथे पाण्याचा विषय पाच बायांनी लावून धरला तर तो ठरावात येतो आणि ठराव कागदावर राहतो. तुझ्या एका बहिष्कारापेक्षा ते जड आहे.

आणि त्याच्या घरची केळी खा. आनंदाने खा.

आता तू म्हणशील ताई, सरकारवर इतका भरोसा? २०१८ च्या प्लास्टिकबंदीचं काय झालं? बरोबर आहे तुझं. २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडला तर ५ हजार रुपये, आणि काही महिन्यांत भाजीबाजारात पिशव्या परत दिसायला लागल्या. पण बघ ना, धाड कुणावर पडली? भाजीवालीवर, हातगाडीवाल्यावर. जिची दिवसाची कमाई दंडाच्या दहाव्या हिश्श्याची नाही तिच्या टोपलीपाशी कायदा उभा केला आणि पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यांपर्यंत, दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या ट्रकपर्यंत तो नीट पोचलाच नाही. वरून वेष्टनाच्या प्लास्टिकला सवलती. म्हणजे नाव धोरणाचं, पण भार परत शेवटच्या माणसावर, तुझ्यावर जो टाकलाय तसाच. धोरण पाहिजे म्हणजे कुठलंही चालेल असं नाही, ते जिथे वस्तू जन्माला येते तिथे लागलं पाहिजे. २०२२ मध्ये केंद्राने नियम केलेत की प्लास्टिकचं वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते गोळा करायची आणि रिसायकल करायची जबाबदारी घ्यायची, चिप्सच्या पाकिटासारखं थरांचं प्लास्टिकसुद्धा त्यात येतं. आपल्या तालुक्यात ते गोळा करायला कोण येतं? हा प्रश्न नगरपरिषदेत कुणी विचारत नाही म्हणून कुणी येत नाही. आणि आपल्याकडे तर शेतातलं प्लास्टिक वेगळंच, ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो पण मल्चिंगचा, म्हणजे तण येऊ नये म्हणून जमिनीवर अंथरायचा प्लास्टिकचा पेपर आणि केळीच्या घडाच्या स्कर्टिंग बॅगा कोण घेणार, त्या बांधावर जळतात आणि तो धूर शेजारच्या पोरांच्या छातीत जातो. कृषी केंद्रातून विकलं तसं परत घ्यायची सोय पण तिथेच पाहिजे, अशी मागणी मी तरी करत राहणार.

घंटागाडीवर ये. तू जे बघितलंस ना, दोन डबे एकात ओतताना, त्याने तुला सगळ्यात जास्त हताश केलं, पण तिथेच तुझ्या हातात काहीतरी आहे. त्या गाडीवरच्या माणसावर चिडू नको, त्याच्याकडे दोन कप्पेच नसतील तर तो काय करेल. घनकचऱ्याच्या नियमांनी २०१६ मध्येच कचरा वेगवेगळा देणं तुझं काम आणि वेगवेगळा नेणं नगरपरिषदेचं काम असं ठरवून दिलं. त्याच नियमात सॅनिटरी पॅडच्या कंपन्यांवर सुद्धा जबाबदारी टाकली होती, पॅड गुंडाळून टाकायला पाकीट द्यायचं, तेव्हा कप तुला सोयीचा वाटत असेल तर वापर, पण जिला जमत नाही तिला कमी लेखू नको आणि स्वतःला जमलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नको. आता काम असं कर. माहिती अधिकाराचा अर्ज टाक, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात कचऱ्याच्या ठेक्याची प्रत माग. ठेकेदाराला पैसे कशावर मिळतात ते बघ. कित्येक ठिकाणी वजनावर मिळतात, जितके टन डेपोवर टाकले तितके पैसे, मग तो ओला-सुका वेगळा कशाला करेल, उलट ओला मिसळला तर वजन वाढतं. गाडीला कप्पे किती असायला पाहिजेत असं करारात लिहिलंय, डेपोवर वर्गीकरण करायचं लिहिलंय का, दंडाचं कलम आहे का आणि आजवर एकदा तरी लावलंय का, हे सगळं माग. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, तो कुठे गेला तेही विचारता येतं.

एकटी जाऊ नको. गल्लीतल्या बाया, शाळेतले दोन शिक्षक, पटत असेल तर मिस्टरांना घे, त्यांचं 'तुझ्या एकटीने काय होणारे' ना, मग म्हणावं चला, दोघांनी जाऊ. तू शिक्षिका आहेस, नोकरीचे नियम तुला आडवे येत असतील असं वाटलं तर सह्यांमध्ये नाव खाली राहू दे, अर्ज दुसऱ्या कुणाच्या नावाने जाऊ दे. नगरपरिषदेचं बजेट फेब्रुवारीच्या आसपास ठरतं, त्याच्या आधी नगरसेवकाला गाठायचं, नंतर गेलं की ते म्हणतात पैसे संपले. आणि एका फेरीत होणार नाही. पहिलं उत्तर अर्धवट येईल, मग अपील करायचं.

बाकी घरात काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते तुझ्या सोयीने ठरव. कापडी पिशवी ठेव, ती टिकते आणि पैसे वाचवते. विषमुक्त म्हणून दुप्पट भावात जे घेतेस त्यातलं खरंच विषमुक्त किती हे तुला घरी बसून कळायचा काहीच मार्ग नाही, तेव्हा पैशाची ओढाताण होत असेल तर बंद कर, नेहमीच्या भाजीवालीकडून घे, धुऊन खा. एंडोसल्फान देशातून गेलं ते २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं म्हणून, दुप्पट भाव देणाऱ्या घरांमुळे नाही. सासूबाईंशी भांडण मिटव, त्या कळण्याची भाकरी आणि भरीत करतात त्यापेक्षा कमी कचऱ्याचं जेवण तुला कुठल्या ऑनलाइन दुकानात मिळणार नाही. मुलीला कासवाचं उत्तर असं दे की कासवाची काळजी मोठ्यांनी नियम करून घ्यायची असते आणि मम्मी त्याच्याच मागे लागलीय. मग ती फुगे फुगवायला मोकळी.

अर्जाचं उत्तर आलं की मला कळव. ठेक्यात टनावर दर निघाला तर तो करार संपतो कधी ती तारीख आधी बघून ठेव, नवीन टेंडर निघायच्या आत कप्प्यांची आणि वर्गीकरणाची अट घालायला लावता येते, ते पत्र कसं लिहायचं ते मी पुढच्या वेळी सांगते.

— तुझी ताई